नखरंजनाची परिभाषा
(महिला शाखेच्या सभेत दिलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव वाचून काही वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली, असे कानी आले आहे. नखे रंगविणे ही चैन. तिजवर भाषण कशाला, हा त्यांचा आक्षेप. परंतु लग्नाच्या आधी आपल्या मुली ज्या दुकानात जाऊन बसतात, तेथील दरपत्रक आपणांपैकी कितीजणींनी वाचले आहे? निम्मे शब्द न समजता आपण पैसेही देतो आणि हातही पुढे करतो.

‘मॅनिक्युअर’ हा शब्द लॅटिन भाषेतील हात व निगा या अर्थांच्या दोन शब्दांपासून झाला. नखे कापणे, कानशीने आकार देणे, हात भिजवून चोळणे एवढेच त्यात अभिप्रेत आहे. रंग ही पुढची आणि ऐच्छिक गोष्ट. तो रंग, म्हणजे नेलपॉलिश, नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवून करतात. द्रावक उडाला की नखावर पापुद्रा उरतो. अ‍ॅसिटोन लावले की तो पुन्हा विरघळतो. गडद रंगाने नख पिवळे पडू नये म्हणून खाली देतात तो ‘बेस कोट’, आणि रंग टिकावा, चकाकावा म्हणून वर देतात तो ‘टॉप कोट’. (टाटांच्या कंपनीने १९५२ साली काढलेल्या ‘लॅक्मे’चे नाव एका फ्रेंच संगीतिकेवरून घेतलेले आहे, आणि त्या नावाच्या मुळाशी आपली लक्ष्मीच आहे, हे जाता जाता सांगते.)

‘क्युटिकल’ या शब्दापाशी मात्र थांबले पाहिजे. नखाच्या मुळाशी चिकटलेली मृत त्वचेची पातळ साय ती क्युटिकल. तिच्यामागील जिवंत कातडीची कडा नखाच्या मुळाचे दारच बंद ठेवते. दुकानात घाईघाईने दोन्ही एकच समजून कात्री चालवितात. मग त्या वाटेने जंतू शिरतात आणि नखुरडे होते. ‘कापू नका, मागे सारा,’ असे स्पष्ट सांगावे. त्यात भिडेचे काय कारण?

दुसरा शब्द ‘जेल’. हा रंग वाळत नाही. दिव्याच्या अतिनील किरणांखाली त्यातील रेणू परस्परांना जोडले जाऊन तो कठीण होतो. म्हणूनच तो दोन-तीन आठवडे टिकतो. परंतु अर्धवट कठीण झालेला जेल कातडीस वारंवार लागला, तर त्यातील अ‍ॅक्रिलेट द्रव्यांची अ‍ॅलर्जी जडू शकते, आणि ती बहुधा जन्मभर राहते. पुढे दातांत भरावयाच्या काही मसाल्यांचाही त्रास होण्याचा संभव असतो. घरच्या घरी पेटी आणून प्रयोग करणाऱ्या मुलींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. जेलमधील ‘टीपीओ’ हे द्रव्य युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून प्रसाधनांत निषिद्ध ठरविले; तेव्हा बाटलीवरील बारीक अक्षरे वाचावीत. जेल ओरबाडून काढल्यास नखाचे थरही सोबत निघतात, आणि नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटरच वाढते. झीज भरून येण्यास सहा महिने सहज लागतात.

राहता राहिली सूतिकागृहाची गोष्ट. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजतात, तेव्हा त्याचा प्रकाश नखातून जातो. गडद रंगाने आकडा चुकण्याचा संभव असतो. साधा रंग तेथेही मिनिटभरात पुसता येतो. जेल मात्र अ‍ॅसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटे भिजवावा लागतो. तेव्हा लेकीसुनेचे दिवस भरत आले की तो आधीच उतरवून ठेवावा.