कुटुंबनियोजन : तक्त्यातला रिकामा रकाना

(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रुळांची देखभाल करता करता बिलासपूरकर झालो. तरीही बाप्पासमोर या विषयावर बोलायला उभा आहे, त्याला कारण घडले. मागे एका तरुण सहकाऱ्याने मला विचारले, "साहेब, दुसरं मूल झालं, आता बायकोचं ऑपरेशन कधी करून घेऊ?" ऑपरेशन बायकोचेच, हे त्याने धरूनच चालले होते. माझ्याही घरी तसेच झाले होते.

आमची धाकटी २०१४ सालची. हिवाळ्यात सौ.चे ऑपरेशन उरकायचे, असे आई आणि सासूबाईंनी परस्पर ठरवले. त्यातच ती बातमी आली. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी आपल्या बिलासपूरजवळच एका सरकारी शिबिरात ८३ स्त्रियांच्या नसबंदी शस्त्रक्रिया काही तासांत उरकण्यात आल्या. पुढच्या काही दिवसांत १३ जणी दगावल्या. सौ.ने पेपर वाचला, घडी करून ठेवला आणि बाळाला मांडीवर घेऊन बसून राहिली. काही बोलली नाही.

निविदा आल्या की आम्ही तुलनात्मक तक्ता मांडतो. त्या रात्री मी वहीत तसाच तक्ता केला : स्त्रीची शस्त्रक्रिया, तांबी, गोळ्या, निरोध. सौ.ने वही पाहिली आणि म्हणाली, "अहो, यात तुमचं ऑपरेशन कुठाय?"

खरेच, तो रकाना मी केलाच नव्हता.

मग आम्ही दोघे मिळून डॉक्टरांकडे गेलो आणि तक्ता नीट भरला. निरोध सोपा, शिवाय संसर्गापासूनही रक्षण करतो. पण रोजच्या व्यवहारात वर्षभरात शंभरातल्या साधारण १३ जोडप्यांना दिवस जातात. गोळ्या न चुकता घ्याव्या लागतात. रक्तदाब असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतले असून अंगावर पीत असेल, तर नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत. तांबी प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षे टिकते, काढली की पुन्हा मूल होऊ शकते. मात्र काहींना पाळीचा त्रास वाढतो. सौ.ला तो आधीच होता. आज तक्ता करायचा तर त्यात तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आणि लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली 'छाया' ही हार्मोनविरहित गोळीही येईल.

राहिली शस्त्रक्रिया. स्त्रीची शस्त्रक्रिया नीट केली तर सुरक्षितच आहे. पण तिच्यात पोटात जावे लागते. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया भूल तेवढ्याच जागी देऊन पंधरा-वीस मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी येता येते. शुक्राणू नेणाऱ्या नळ्या तेवढ्या बंद होतात. हार्मोन रक्तातून जातात, त्यामुळे ताकद वा पुरुषत्व कमी होत नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. परिणाम लगेच होत नाही. तीन महिने दुसरे साधन वापरून मग तपासणी करायची. आणि नळ्या पुन्हा जुळतीलच याची खात्री नाही, म्हणून आणखी मूल नको हे पक्के असेल तरच हा मार्ग.

आई फोनवर रडली, "अरे, तुझी उन्हातान्हातली नोकरी, तुला काही झालं तर?" तिची भीती जुनी होती. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या आणि कित्येक सक्तीने. तेव्हापासून पुरुष जो मागे सरला तो सरलाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के.

जानेवारी २०१५ मध्ये मी शस्त्रक्रिया करून घेतली. आठवड्याने पुन्हा सेक्शनवर गेलो. थोडी सूज आणि मित्रांची थट्टा, दोन्ही चार दिवसांत ओसरली.

आपल्या रघुनाथराव कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि या कामापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. शंभर वर्षांनंतर आपल्याला नोकरी गमवायची नाही, फक्त संकोच सोडायचा आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत नसबंदी शिबिरे बंद करण्याचा आदेश दिला. शिबिरातली घाई सरकारने थांबवायची. घरातली घाई आपण थांबवायला हवी.

तो तरुण सहकारी पत्नीला घेऊन आमच्याकडे आला. सौ.ने जुनी वही काढली. डॉक्टरांना भेटून त्या दोघांनी तांबी निवडली, कारण त्याच्या पत्नीला पुढचे दार इतक्यात बंद करायचे नव्हते. मी केले तेच सर्वांनी करावे, असे मुळीच नाही. फक्त तक्ता दोघांनी मिळून करावा आणि नवऱ्याचा रकाना त्यात रिकामा ठेवू नये, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!