दुष्काळाची तजवीज हेंही धर्मकर्तव्य

(दुष्काळनिवारण कमिटीच्या सभेंत परभणी येथें झालेलें भाषण)



पाऊस लांबला म्हणजे आम्ही मुसलमान ईदगाहांत जमून इस्तिस्काची नमाज पढतों. ती पढलीच पाहिजे. परंतु नमाज आटोपून घरीं स्वस्थ बसणें यास कोणी 'तवक्कुल' म्हणूं लागला, तर तो आपला आळस धर्माच्या माथीं मारीत आहे. उंट मोकळा सोडून ईश्वरावर भरंवसा ठेवूं काय, असें एकानें विचारलें, तेव्हां पैगंबरसाहेबांनीं त्यास आधीं उंट बांधण्यास सांगितलें, अशी हदीस आहे.

कुराणांत हजरत यूसुफ यांची कथा आहे. सात वर्षें पिकाचीं, पुढें सात दुष्काळाचीं येणार. म्हणून सुकाळांतील धान्य कणसांतच राखून ठेवण्याचा सल्ला त्यांनीं दिला. आमचे वाडवडील ज्वारी पेवांत भरीत, तें याच शहाणपणानें. पेवें बुजलीं, दुष्काळ मात्र थांबले नाहींत. १९७२ सालीं मराठवाड्यानें अन्नाची टंचाई भोगली. २०१६ च्या उन्हाळ्यांत शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, व परभणींत पाणवठ्यांवर जमावबंदीचा हुकूम निघाला.

केवळ नशिबास बोल लावून कसें चालेल? पावसावरील पिकाचा दहावा व पाणी उपसून काढलेल्या पिकाचा विसावा हिस्सा, म्हणजे 'उश्र', हा गरिबांचा हक्क आहे. देणाराची मेहेरबानी नव्हे. निसाब भरेल इतक्या व्यापारी मालावर वर्षाकाठीं शेंकडा अडीच जकात आहे. आणि महागाईची वाट पाहत धान्य दाबून ठेवणें हें तर पाप होय. हजरत यूसुफ यांनींही सांठा केला, पण तो लोकांस वांटण्यासाठीं. आपला सांठा कशासाठीं आहे, हें ज्यानें त्यानें आपल्या कोठाराच्या दाराशीं उभें राहून पाहावें.

मदीनेंत हजरत उस्मान यांनीं रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांस मोकळी केली. आपल्या जिल्ह्यांतही वालूर, पिंगळी येथें जुन्या बारवा आहेत. वालूरच्या ग्रामस्थांनीं गेल्या कांहीं वर्षांत अंगमेहनतीनें गाळ उपसून आपली बारव पुन्हां मोकळी केली. असें पाणी हिंदु-मुसलमान दोघांचीही तहान भागवितें.

म्हणून माझी विनंती अशी कीं, वर्गणीचा एक हिस्सा आजच्या भुकेल्यांस द्या, व दुसरा पुढील सालच्या धान्यकोठीसाठीं आणि विहिरींचा गाळ काढण्यासाठीं आतांच बाजूस ठेवा. एवढें करून मग पावसासाठीं हात पसरूं. परमेश्वर आपणां सर्वांस ही सुबुद्धि देवो.