संगणकाचे सर्टिफिकेट आणि वर्गातला शिक्षक
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



डी.एड. किंवा बी.एड.ला मुलाचे नाव घालताना पालक हमखास विचारतात, "संगणकाचे सर्टिफिकेट आहे, मग झाले ना?" प्रश्न रास्त आहे. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाले आणि नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र जोडण्याची आपल्याला सवय लागली. ते टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु तो संगणक वापरणाऱ्याचा अभ्यासक्रम आहे. शिकविणाऱ्याला त्याहून पुष्कळ काही यावे लागते.

शिक्षकाच्या अंगी कोणती तंत्रकौशल्ये असावीत याचा आराखडा युनेस्कोने २००८ साली प्रथम प्रसिद्ध केला. २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत १८ क्षमता सांगितल्या असून त्यांची सहा अंगे केली आहेत: धोरणाची जाण, अभ्यासक्रम व मूल्यमापन, अध्यापनपद्धती, यंत्र वापरण्याचे कौशल्य, शाळेची व्यवस्था आणि शिक्षकाचे स्वतःचे शिकणे. यंत्र हाताळण्याला वाहिलेले अंग सहांत एकच आहे, हे ध्यानात घ्या! आपल्याकडे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले, तेव्हा या विषयाच्या नावातच 'चिकित्सक आकलन' असे शब्द घातले. त्याच नियमांत २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता आहे आणि खरी कसोटी तिथे लागते.

ती कशी लागते पाहा. हृदयाच्या झडपा कशा उघडतात व मिटतात हे फळ्यावरच्या चित्राने नीट कळत नाही. दोन मिनिटांची चित्रफीत ते काम चोख करते. अपूर्णांक शिकवायचे असतील तर मात्र मुलाच्या हातातली कागदाची घडी पडद्यावरच्या चित्रापेक्षा सरस. कोणत्या घटकाला यंत्र लावावे व कोणत्याला लावू नये, हे ज्या छात्राध्यापकाला ठरविता येते त्याला तंत्रज्ञान आले असे समजावे. पाठ्यपुस्तकातील चौकोनी क्यूआर कोड टिपून २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा'वरील साहित्य उघडता येते. ते आदल्या दिवशी फोनमध्ये उतरवून ठेवावे, कारण पाठाच्या वेळी नेट मिळेलच असे नाही. वीज गेली तर काय करणार, तेही पाठ टाचणात लिहावे. मी तर त्यालाही गुण द्यावेत या मताचा आहे.

आता उर्दू माध्यमात शिकविणार असलेल्यांसाठी एक गोष्ट. तुमची लिपी उजवीकडून डावीकडे जाते, आकडे डावीकडून उजवीकडे. एकाच ओळीत दोन्ही आले की प्रश्नपत्रिका विस्कटते. इनपेजच्या जुन्या आवृत्तीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या प्रोग्राममध्ये वाचता येत नाही, फोनवर तर नाहीच. म्हणून उर्दू व मराठी दोन्ही युनिकोडमध्ये टाइप करायला शिका. सर्टिफिकेटवर हे छापलेले नसते, पण वर्गात पहिल्याच आठवड्यात लागते.

पालकहो, यापुढचे थोडे कडू वाटेल. 'असर' या पाहणीने २०२३ साली २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारले. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८ टक्के. हे आकडे कोणा एका समाजाचे नाहीत. पण आपापल्या घरात डोकावून पाहावे. शिक्षिका व्हायला निघालेली मुलगी भावाचा फोन रात्री दहानंतर मागून पाठ तयार करते. तो देताना तिला दहा प्रश्न विचारले जातात. आपण तिची फी भरतो, गणवेश शिवतो, आणि ज्यावर अभ्यास करायचा ते साधन तेवढे नाकारतो. तुमची काळजी मला समजते. रोज दोन तास ठरवून द्या, घरातल्या बैठकीत बसू द्या. पण तो वेळ तिचा असू द्या.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठीही थोडे आहे. पाठ टाचण हल्ली यंत्राकडून लिहून मिळते. ते दिसते गोंडस. पण आपल्या गावच्या मुलांना ठाऊक नसलेली उदाहरणे त्यात येतात आणि कधी चुकीची माहितीही ठणकावून दिलेली असते. पाठ्यपुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासल्याशिवाय ते वर्गात नेऊ नका. दुसरे, मुलांचे फोटो आणि गुणपत्रके ग्रुपवर टाकण्याची घाई नको. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती महत्त्वाची मानली आहे.

संगणक कोणता घ्यावा, असेही पुष्कळजण विचारतात. महागाचा मुळीच नको. भाऊबहिणींत मिळून एक साधा, वापरलेला चालेल. त्याआधी प्रवेश घ्यायच्या महाविद्यालयात जाऊन या. संगणकाची खोली उघडी असते की कुलपात, छात्राध्यापकाला वर्षात किती पाठ यंत्र वापरून घ्यावे लागतात, ते पाठ पाहायला कोण बसते आणि पाठानंतर त्याच्याशी कोण बोलते, एवढे विचारा. खोलीची किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला सांगता आले नाही, तर दुसरे महाविद्यालय पाहावे.