आहाराची कसोटी: केवळ वजनकाटा नव्हे

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या शिबिरात दिलेले भाषण)



वजन घटविण्यासाठी लोकप्रिय झालेल्या आहारपद्धतींत ‘किटो’चे नाव आज खेड्यापाड्यांतही ऐकू येते. मुळात ही पद्धत वजनासाठी नव्हतीच. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी ती अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचविली. वैद्यकीय देखरेखीखालील हा उपचार पुढे निरोगी माणसांचाही आहार होऊन बसला.

या आहारात स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पिष्टमय पदार्थ दिवसाकाठी बहुधा ५० ग्रॅमच्या आत असतात. ज्वारीच्या दोन भाकरींतच ही मर्यादा संपते. त्यामुळे भाकरी, भात, बहुतेक डाळी आणि फळे ताटातून जातात. वजन उतरते, हे खरे. परंतु पहिल्या आठवड्यातील घट बव्हंशी पाण्याची असते. शरीरातील ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेले असते. नेहमीचे जेवण सुरू होताच ते परत येते.

म्हणून आहाराची पारख करताना प्रथम विचारावे: ताटातून काय गेले आणि त्याची भरपाई कशाने झाली? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांपर्यंतच असावी. डाळी, भाज्या, फळे, दूध यांचा वाटा वाढावा. म्हणजे भाताचा ढीग कमी करणे इष्ट आहे, धान्य वर्ज्य करणे नव्हे. आठवड्याला अर्धा किलो एवढी घट सुरक्षित समजली जाते.

दुसरा प्रश्न असा की, हा आहार कोणी घ्यावयाचा? इन्शुलिन किंवा मधुमेहाची काही औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता पिष्टमय पदार्थ तोडले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गरोदर माता व वाढत्या वयाची मुले यांनी तर असे प्रयोग करूच नयेत.

तिसरा प्रश्न परवडण्याचा आणि निभण्याचा. जो आहार घरातील इतरांच्या जेवणाशी जुळत नाही, तो किती दिवस टिकणार?

गावात शिक्षकांचा आणि सरपंचांचा शब्द मानला जातो. आपण सहज केलेली शिफारस एखादा मधुमेही शेजारी दुसऱ्याच दिवशी अमलात आणील. म्हणून कोणत्याही आहाराची शिफारस करण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारावेत आणि शंका असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवावा, एवढीच विनंती.