हाडांची झीज आणि रक्ताची साक्ष



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आम्हांला उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचावयास शिकविले. आजचा माझा विषयही वाचण्याचाच आहे; वाचावयाचा आहे तो मात्र रक्ततपासणीचा कागद.

यंत्रमागांच्या कामासाठी खानदेशातून सुरतेस आलेल्या अनेक कुटुंबांनी या नवागामात घर केले. त्या पिढीतील स्त्रिया आज साठी-सत्तरीत आहेत. माझी मावशी त्यांपैकीच. कंबर दुखते म्हणून तिने रक्त तपासून घेतले. 'कॅल्शियम नॉर्मल' असे उत्तर आले आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढे मोरीत पाय घसरला आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. कागद खोटा नव्हता; आमचे वाचन चुकले होते.

हृदय व स्नायू चालण्यासाठी रक्तातील कॅल्शियम ठरावीक मर्यादेत राहावेच लागते. ते उणे पडू लागले, की शरीर ते हाडांतून काढून घेते. तिजोरी रिती होत असतानाही हातातील रोकड तेवढीच दिसते, तसा हा प्रकार आहे. ही तपासणी व्यर्थ नव्हे; दुखण्याची अन्य कारणे शोधण्यास ती उपयोगी पडते. हाडांची ठिसूळता मात्र तीत दिसत नाही.

हाड सतत मोडते आणि पुन्हा घडते. प्रौढ सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी नवा होतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि मोडण्याचा वेग घडण्याला मागे टाकतो. बॉस्टनचे फुलर ऑलब्राइट व त्यांचे सहकारी यांनी १९४१ साली हा विकार वर्णिला.

मागाखाली पडलेल्या चिंध्यांवरून कामाचा वेग कळतो, तसा हा वेग रक्तात उमटतो. हाड झिजताना सुटणारे कोलॅजनचे तुकडे 'सीटीएक्स' चाचणीत मोजतात. नवे कोलॅजन घडताना छाटली जाणारी टोके 'पी-वन-एन-पी' चाचणीत. पूर्वी यासाठी लघवीतील हायड्रॉक्सिप्रोलिन मोजीत; पण आहाराने ते बदलत असे.

परंतु चिंध्या मोजून गोदामातील माल कळत नाही. हाडांची घनता 'डेक्सा' यंत्रानेच मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये घातलेल्या मर्यादेप्रमाणे टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास तो ऑस्टिओपोरोसिस होय. मग रक्ताच्या या चाचण्या कशासाठी? औषध लागू पडते आहे की नाही, हे घनतेवरून कळावयास वर्ष-दोन वर्षे लागतात. झीज रोखणाऱ्या औषधाचा परिणाम 'सीटीएक्स'मध्ये सुमारे तीन महिन्यांत दिसू लागतो. त्यासाठी रक्त सकाळी उपाशीपोटीच द्यावे. जेवणाने व वेळेने आकडा बदलतो. हाड मोडल्यानंतर काही महिने तो वाढलेलाच राहतो, हेही डॉक्टरांना सांगावे.

प्रत्येकीने या चाचण्या कराव्यात, असे मी म्हणत नाही. पाळी लवकर थांबली असेल, अंडाशय काढले असतील, उंची घटली असेल, स्टिरॉइड दीर्घकाळ घेतले असेल किंवा आईचा खुबा मोडला असेल, तर डॉक्टरांना घनतेविषयी आवर्जून विचारावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये रजोनिवृत्तीनंतर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असते. दूध, दही, तीळही आपल्या घरचेच आहेत.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगेन: आज घरी गेल्यावर आईचा, आजीचा कागद मागून घ्या. त्यात काय तपासले, हे वाचा. आणि काय तपासलेच नाही, हेही विचारा. गुरुजींनी शिकविलेले वाचन ते हेच.