फवाऱ्याआधी पान उलटून बघा

गेल्या साली मी गटाचं कर्ज काढून चवळीवर फवारा मारला. मावा मेला, पण त्याला खाणारे ढालकिडेही मेले. पंधरवड्यात मावा परतला, तोही जास्त.

का? माव्याची मादी नराशिवायच पिल्लं देते. आठ-दहा दिवसांत तीही विणायला लागतात. ढालकिड्याला अंडी, अळी, कोष करत दोन-तीन आठवडे जातात. त्यात मुंग्या! माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात, ढालकिड्याला हुसकावतात.

म्हणून आधी पान उलटा. माव्यात काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरताना दिसली, तर ती ढालकिड्याचीच. चार दिवस थांबा, पुन्हा बघा. मावा हटला तर फवाऱ्याचे पैसे हप्त्याला येतील.