उत्तराचा माग

१९७८ च्या फेब्रुवारीत शिकागो येथे वॉर्ड ख्रिस्तेन्सन आणि रँडी स्यूस यांनी दूरध्वनीच्या तारेने गाठता येणारा संगणकीय सूचनाफलक सुरू केला, तेव्हा त्यावरील मजकूर क्रमांकवार नोंदला जाई. साहजिकच प्रश्न एका ठिकाणी आणि त्याचे उत्तर कित्येक परक्या संदेशांपलीकडे, अशी अवस्था होई. १९८४ साली टॉम जेनिंग्ज यांनी उभारलेल्या, असे फलक एकमेकांस जोडणाऱ्या फिडोनेटने संदेशाच्या शिरोभागी दोन रकाने राखले: हा संदेश कशाचे उत्तर आहे, आणि याचे पुढील उत्तर कोणते. परंतु हे क्रमांक त्या एकाच संगणकाच्या दफ्तरापुरते खरे असल्यामुळे, संदेश परगावच्या फलकावर पोहोचताच त्यांचा अर्थ लोपे. मग शीर्षकांचे साम्य पाहून दुवे पुन्हा जुळवावे लागत, आणि कोणी शीर्षकात किंचित फेरफार केला की चांगला रंगलेला संवाद दुभंगे. यास्तव प्रत्येक संदेशास सर्वत्र कायम राहणारी स्वतंत्र ओळख देऊन उत्तरात तिचाच हवाला देण्याची पद्धत रूढ झाली, आणि माझ्या मते खरी सुधारणा हीच होय. आजच्या ई-पत्राच्या उत्तरासोबतही मूळ पत्राची अशीच ओळख, वाचकाच्या दृष्टीआड, पाठविली जाते.